सुटींतील उद्योग : पाण्याचा अग्निबाण

दिवाळी होऊन चार दिवस लोटले कीं आमच्या गच्चीवर एक निराळाच उद्योग सुरू होतो. न उडालेले, सर्दावलेले, वात गळून पडलेले फटाके मुलें गल्लीभर हिंडून गोळा करितात, आणि घरांतील वडील माणसें दुपारीं जरा आडवीं झालीं म्हणजे त्यांचीं वेष्टनें सोडून आंतील करडी भुकटी कागदावर जमवितात. यंदा हा प्रकार आमच्या दृष्टीस पडला तो केवळ योगायोगानें. वाळत घातलेले कपडे काढावयास म्हणून आम्ही वर गेलों, तों आमचा नातू, शेजारचे दोन मुलगे आणि जिन्याशीं पहाऱ्यावर उभी केलेली आमची नात अशी मंडळी दिसली. पहारेकरीण आम्हांस पाहून जी गडबडली, तिच्यावरूनच सारा उलगडा झाला. ती दारू एका पत्र्याच्या नळींत भरून ‘चांद्रयान’ सोडावयाचें, असा बेत होता.

२३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागीं उतरलें, तेव्हांपासून ज्या ज्या घरीं दहाबारा वर्षांचें मूल आहे त्या त्या घरीं हें वेड थोडेंबहुत शिरलें असणार. तें शिरूं नये असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तो कागद व ती करडी भुकटी पाहून आमच्या पोटांत जो गोळा उठला, त्याचें कारण सांगितलें पाहिजे.

आमचे वडील बंधु आज ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांच्या उजव्या हाताचीं शेवटचीं दोन बोटें पुरतीं मिटत नाहींत. वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांनीं हाच बेत केला होता. आम्ही तेव्हां सात वर्षांचे होतों आणि भुकटी झाडून देण्याचें काम आमच्याकडे होतें. पुढें जें झालें त्याचें वर्णन करावें असें वाटत नाहीं. ठिणगी कोठून पडली हें आम्हां दोघांसही अद्यापि सांगतां येत नाहीं. फटाक्यांतील कित्येक मिश्रणें नुसत्या घर्षणानेंही पेट घेतात, हें फार पुढें वाचनांत आलें. बोटें कशींबशीं बचावलीं. आमच्या वडिलांनीं मात्र त्या दिवसापासून घरांत यंत्र, तार, बाटली, काडेपेटी असल्या कोणत्याही खटपटीस बंदी केली. ती बंदी योग्य कीं अयोग्य, हा विचार त्या काळीं कोणाच्या मनास शिवला नाहीं. बंधूंनीं पुढें एका कचेरींत तीस वर्षें हिशेब लिहिले, व चांगले लिहिले; परंतु घड्याळें उघडून पाहणारा, विहिरीवरच्या रहाटाला स्वतः नवी खीळ बसविणारा तो मुलगा आम्हांस पुन्हां कधीं दिसला नाहीं.

म्हणून यंदा आम्हीं भुकटी तेवढी पाण्याच्या बादलींत बुडविली, आणि मुलांना सांगितलें कीं बाण आपण उडवूं, परंतु दारूवांचून.

हा पेंच कांहीं आमच्याच घरीं पडला आहे असें नाहीं. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुतनिक सोडला, तेव्हां अमेरिकेंतील मुलें मागल्या अंगणांत धातूच्या नळ्यांत नाना मिश्रणें ठांसूं लागलीं, आणि त्यांतून व्हावयाचे ते अपघात झाले. न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथील अग्निबाणांच्या चांचणी-केंद्रांत काम केलेले हॅरी स्टाइन नांवाचे एक इंजिनियर मुलांच्या या धोक्याविषयीं त्याच वर्षीं मासिकांतून लिहीत होते. त्यांचें लिखाण नेब्रास्का प्रांतांतील नॉरफोक गांवच्या ऑर्व्हिल कार्लाइल या गृहस्थांच्या वाचनांत आलें. या गृहस्थांचा व्यवसाय जोडे विकण्याचा. छंद शोभेच्या दारूचा. त्यांचे बंधु रॉबर्ट यांना विमानांचे लहान नमुने उडविण्याची हौस. या दोघांनीं १९५४ सालींच कागदी नळीचा, हलक्या पंखांचा एक चिमुकला अग्निबाण सिद्ध केला होता. त्यांत दारूची तयार कांडी बाहेरून बसवावयाची व काम झालें कीं काढून टाकावयाची. मुलाच्या हातीं मोकळी दारू म्हणून यावयाचीच नाहीं. कार्लाइलनीं आपले नमुने स्टाइनकडे धाडून दिले, आणि त्यांतून पुढें लहान अग्निबाणांचा तो सारा छंद उभा राहिला. आम्हांस या हकीकतींत मोठें वाटतें तें हें कीं, त्या दोघांनीं मुलांना ‘नको’ म्हटलें नाहीं. धोक्याचा भाग तेवढा त्यांच्या हातून काढून घेतला आणि बाकीचें सारें काम त्यांच्याकडेच ठेविलें. आम्हीं त्यांच्याहून एक पायरी खालीं उतरून कांडीही वगळली.

प्रथम तत्त्वाची गोष्ट, आणि ती फुग्यानें. खिडकीच्या गजापासून समोरच्या दाराच्या कडीपर्यंत एक दोरा ताणून बांधावा. बांधण्यापूर्वीं त्यांत शीतपेय पिण्याची नळी ओंवून घ्यावी. लांबट फुगा फुगवून, तोंड चिमटींत धरून, चिकटपट्टीनें नळीला चिकटवावा आणि चिमूट सोडावी. फुगा दोऱ्यावरून सणकन पलीकडे जातो. हवा मागें गेली, फुगा पुढें गेला. न्यूटननें १६८७ सालीं गतीचा जो तिसरा नियम मांडला तो हाच, व चांद्रयानालाही याहून निराळा नियम नाहीं.

येथें आमच्या नातीनें एक शंका काढली. फुगा पुढें जातो तो मागल्या हवेला रेटा देऊन जात असेल. मग आकाशांत हवाच नाहीं, तेथें यान कशाला रेटा देणार? आम्हीं तिला शाबासकी दिली, कारण याच शंकेनें एका मोठ्या वर्तमानपत्राची फजिती झालेली आहे. रॉबर्ट गॉडर्ड या अमेरिकन प्राध्यापकांनीं चंद्रापर्यंत बाण पोंचविणें अशक्य नाहीं असें लिहिलें, तेव्हां ‘न्यू यॉर्क टाइम्स’नें १३ जानेवारी १९२० च्या अंकांत त्यांची थट्टा केली. निर्वात जागेंत रेटा देण्यास कांहीं नसतें, एवढेंही या प्राध्यापकांस कळूं नये काय, असा तिचा रोंख होता. वास्तविक बाण बाहेरच्या हवेवर रेलत नाहीं. स्वतःच्या पोटांतून जें बाहेर फेंकतो त्यावरच तो रेलतो. होडींत उभें राहून जड धोंडा मागें भिरकावला तर होडी पुढें सरकते. धोंडा कोठें जाऊन पडतो याच्याशीं होडीस कर्तव्य नसतें. त्या वर्तमानपत्रानें आपली चूक १७ जुलै १९६९ रोजीं छापून दुरुस्त केली, त्या वेळीं अपोलो-११ मधील तिघे जण चंद्राच्या वाटेवर होते. गॉडर्डना जाऊन चोवीस वर्षें झालीं होतीं.

आतां साहित्य. फसफसणाऱ्या शीतपेयाची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली पाहिजे. साध्या पाण्याची किंवा सरबताची बाटली मुळींच चालणार नाहीं. फसफसणाऱ्या पेयांत वायु दाबानें कोंडलेला असतो, म्हणून त्यांच्या बाटल्या दाब सोसण्याजोग्या केलेल्या असतात. इतर बाटल्या तशा नसतात. कांचेची बाटली अगर धातूचें भांडें घेण्याचा विचारही करूं नये. बाटलीवर चरा, घडी किंवा पांढरट रेघ दिसली तर ती टाकून द्यावी. बाकीचें साहित्य घरांतच निघतें : पुठ्ठ्याचें खोकें, जुनी दिनदर्शिका, चिकटपट्टी, दाभण, गणपतीच्या शाडूचा उरलेला गोळा, भांडीं घासण्याचा जुना स्पंज. विकत आणावयाच्या वस्तु दोनच. एक बाटलीच्या तोंडांत घट्ट बसेल असें निमुळतें रबरी बूच, व दुसरी फुटबॉलमध्यें हवा भरण्याची सुई. सायकलचा पंप शेजारीं मिळतो. मात्र त्याची नळी आंखूड असते. सायकल दुरुस्त करणाराकडून तिला निदान तीन मीटर लांबीची रबरी नळी जोडून घ्यावी. ही लांबी चैनीसाठीं नव्हे, हें पुढें कळेलच.

बुचाच्या मध्यावर दाभणानें आरपार भोंक पाडून त्यांतून सुई घालावी. सुईचें टोंक बुचाच्या पलीकडे थोडें तरी निघालें पाहिजे. बूच जाड असेल तर तें कापून कमी करावें. भोंक मोठें झालें तर हवा निसटते व सारा खटाटोप वायां जातो, म्हणून हें काम मोठ्या माणसानें करावें. आमचें पहिलें बूच आम्हींच बिघडविलें.

बाटलीचें तोंड खालीं व बूड वर, अशी बाणाची ठेवण असते. पुठ्ठा दुहेरी चिकटवून त्याचे तीन पंख कापावेत आणि ते तोंडाच्या बाजूस सारख्या अंतरावर उभे चिकटवावेत. पंख बाटलीच्या तोंडाच्याही खालीं सहा बोटें उतरले पाहिजेत, म्हणजे तेच तिपाईचे पाय होतात व बुचाला आणि नळीला खालीं जागा राहते. बुडावर, म्हणजे बाणाच्या शेंड्याला, दिनदर्शिकेच्या जाड कागदाची टोपी करून बसवावी. टोपींत लहान लिंबाएवढा शाडूचा गोळा प्लॅस्टिकच्या कागदांत गुंडाळून ठेवावा; उघडा ठेविला तर तो वाळून दगड होतो. टोपीचें टोंक कापून तेथें स्पंज बसवावा. बाण अणकुचीदार असावा असा मुलांचा हट्ट असतो, तो येथें मानूं नये. वरून येणारी वस्तु कोणाच्या डोक्यावर येईल हें सांगतां येत नाहीं.

हा गोळा व हे पंख कशासाठीं, असें नातवानें विचारलें. दिवाळींतल्या बाणाला लांब काडी असते; ती काढून टाकली तर बाण कोठें जाईल याचा नेम नसतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पेशवाईच्या काळीं लढाईंतल्या अग्निबाणालाही आपल्याकडे ‘बाण’च म्हणत. हैदर व टिपू यांच्या सैन्यांतील बाणांची नळी लोखंडी असे व तिला वेळूची लांब काठी बांधलेली असे. १७८० सालीं पोल्लिलूरच्या लढाईंत इंग्रजांस त्यांचा तडाखा बसला. आणि विल्यम काँग्रीव्ह यानें पुढें इंग्लंडांत जे बाण बनविले, ते म्हैसूरच्या बाणांवरून. काठीचें काम आपल्या बाटलींत पंख व गोळा मिळून करितात. वस्तूचें वजन ज्या बिंदूशीं तोललें जातें तो बिंदु पुढें असावा, आणि वाऱ्याचा दाब ज्या ठिकाणीं एकवटतो तें ठिकाण मागें असावें, म्हणजे शेपूट आपोआप मागें राहतें व तोंड पुढें. याची परीक्षा घरींच होते. रिकामा बाण बोटावर तोलून जेथें समतोल राहील तेथें मजबूत दोरी बांधावी आणि मोकळ्या जागीं डोक्याभोंवतीं गरगर फिरवावा. शेंडा पुढें धरून फिरला तर उत्तम. आडवा किंवा उलटा फिरूं लागला तर शाडू वाढवावा अगर पंख मोठे करावेत. आमचा बाण पहिल्या खेपेस शेपूट पुढें करून फिरला, आणि नातवाला तें उडविण्याहूनही अधिक आवडलें.

आतां पाणी. नुसती हवा भरूनही बाटली उडते, परंतु थोडीच. कारण हवा हलकी, ती मागें फेंकून रेटा तो किती मिळणार? पाणी जड असतें. कोंडलेली हवा तें पाणी जोरानें बाहेर ढकलते आणि त्याचा उलट रेटा बाटलीस बसतो. आंतील दाब बाहेरच्या वातावरणापेक्षां दोन वातावरणांनीं अधिक असेल, तर पाणी आरंभीं सेकंदाला सुमारें वीस मीटर, म्हणजे तासाला बहात्तर किलोमीटर या वेगानें बाहेर पडतें. मग बाटली भरूनच पाणी कां घेऊं नये? कारण जोर साठतो तो हवेंत. पाण्यानें सारी जागा अडविली तर हवेला राहावयास ठिकाण उरत नाहीं. बाटलीच्या पावहिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी बरें पडतें. नेमकें किती, हें मुलांनींच शोधून काढावें. आमच्या मतें या खेळाचा निम्मा लाभ त्यांतच आहे.

उडविण्यास मोकळें मैदान पाहिजे. गच्ची नको, विजेच्या तारांजवळ नको. बाटलींत पाणी घालून बूच पिळून घट्ट बसवावें. तें डिंकानें किंवा तारेनें पक्कें करण्याचा मोह टाळावा. बूच ठराविक दाबाला आपण होऊन निघतें हीच या बाणाची कळ आहे, आणि हेंच त्याचें रक्षणही आहे. बाण पंखांवर सरळ उभा करून सर्वांनीं नळीच्या लांबीइतकें दूर व्हावें. पंप मोठ्या माणसानें मारावा व डोळ्यांस चष्मा लावावा. बाणावर वाकून कोणीही पाहूं नये. दहा-पंधरा वेळां पंप मारून बाण सुटला नाहीं, तर जवळ जाऊन हालवूं नये. लांबूनच पंपाकडील टोंकाची नळी काढावी, म्हणजे हवा व थोडें पाणी नळीवाटे निघून जातें. मग बूच किंचित् सैल बसवून पुन्हां आरंभ करावा. इतकें लिहिल्यावर कोणी म्हणेल, पाण्याच्या बाटलीस एवढा बाऊ कशाला? कोंडलेली हवा ही देखील एक शक्तीच आहे, आणि आमच्या घरीं एकदां हयगय झालेली आहे.

आमच्या घराजवळच्या मैदानावर एका रविवारीं सकाळीं हा समारंभ झाला. वडील बंधूंस कोणी बोलाविलें नव्हतें; ते काठी टेंकीत आपले आपण आले व बांकावर बसले. उंची मोजण्याचें काम नातीकडे होतें. तिनें शाळेच्या कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून त्याला खोडरबराचा ओळंबा लाविला होता. बाणापासून मोजून वीस मीटरांवर तिनें उभें राहावयाचें, कोनमापकाच्या सरळ कडेवरून बाणाचा सर्वांत उंच बिंदु न्याहाळावयाचा आणि दोरा कोणत्या अंशावर आला तें वाचावयाचें. कोन पंचेचाळीस अंशांचा आला तर उंची बरोबर वीस मीटर, अधिक तिच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची. कमी आला तर त्रिकोणमितीच्या कोष्टकांतून ‘टॅन’ पाहून गुणाकार करावयाचा.

पहिल्या खेपेस अर्धी बाटली पाणी होतें. फस् असा आवाज झाला, पंप मारणारे आम्ही गुडघ्यांपर्यंत भिजलों, आणि बाण जेमतेम लिंबाच्या झाडाइतका वर गेला. कोन चोवीस अंश. दुसऱ्या खेपेस बूच नीट बसलें नाहीं. तिसऱ्या खेपेस पाणी तिसऱ्या हिश्शावर आणलें, बूच पिळून बसविलें, आणि अकराव्या झटक्याला बाण असा सुटला कीं नातवाच्या तोंडून शब्द फुटला नाहीं. पाण्याचा पांढरा फवारा, आणि वर उन्हांत चकाकणारी बाटली. कोन तीस अंश. नातीनें तेथेंच वाळूंत हिशेब मांडला : वीस गुणिले ०.५७७ म्हणजे ११.५४ मीटर, त्यांत डोळ्यांची उंची १.२०, एकूण पावणेतेरा मीटरांस एक सेंटिमीटर कमी.

आम्हीं तिला तेव्हां एक आंकडा सांगितला. ज्या गॉडर्डची थट्टा झाली, त्यांनीं १६ मार्च १९२६ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ऑबर्न गांवीं, नात्यांतील एका बाईंच्या शेतांत, पेट्रोल व द्रवरूप प्राणवायु यांवर चालणारा जगांतील पहिला बाण उडविला. तो अडीच सेकंद उडाला, एकेचाळीस फूट उंच गेला आणि १८४ फुटांवर जाऊन पडला. एकेचाळीस फूट म्हणजे साडेबारा मीटर. नातीनें पुन्हां एकवार आपला आंकडा तपासला आणि मग मैदानभर ओरडत धांवली. आमचें कोनमापक इतकें बारीक माप सांगण्याच्या योग्यतेचें नाहीं, हें आम्हीं त्या वेळीं तिला सांगितलें नाहीं; दुसऱ्या दिवशीं सांगितलें.

सायकलच्या पंपावर बाण उडतो याचें शेजारच्या मुलांना हंसूं येत होतें. त्यांना आम्हीं थुंब्याची गोष्ट सांगितली. केरळांतील त्या कोळ्यांच्या गांवाहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं आपल्या देशांतून पहिला संशोधनाचा बाण आकाशांत गेला, तेव्हां तेथील एका ख्रिस्ती देवळांत कार्यालय थाटलेलें होतें, आणि बाणाचा शेंडा सायकलीवरून नेत असल्याचें त्या काळचें छायाचित्र आजही पाहावयास मिळतें. मग कोणी हंसलें नाहीं.

चौथ्या उड्डाणाची तयारी चालली होती. बूच पिळतांना नातवाच्या हातून तें वारंवार घसरत होतें. बांकावरून वडील बंधु उठले, त्यांनीं बाटली काखेंत धरली आणि न मिटणारीं दोन बोटें बाजूस ठेवून उरलेल्या तिघांनीं बूच असें काहीं बसविलें कीं आम्हांसही तें सहजासहजीं हालवितां येईना. मग त्यांनीं बाटली उजेडाकडे करून आंतील पाणी पाहिलें.

“मोठे आजोबा, काय झालें?” नातवानें विचारलें.

“तिसऱ्या हिश्शापेक्षां पाव बरा पडेल असें वाटतें,” ते म्हणाले, आणि बूच पुन्हां काढून ते स्वतःच नळाकडे चालूं लागले.